ठराव झाला, पाणी कुठंय?

क्रांत्यांचा इतिहास आपण घोषणेपर्यंतच वाचतो. घोषणेनंतर काय झालं ते वाचा.

२६ ऑगस्ट १७८९. फ्रान्सच्या राष्ट्रसभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान. पण त्याच फ्रान्सच्या वसाहतीत, आजच्या हैतीत, उसाच्या मळ्यांवर काळे गुलाम राबतच होते. १७९१ ला ते स्वतः उठले, तेव्हा कुठं १७९४ ला फ्रान्सनं गुलामी रद्द केली. १८०२ ला नेपोलियननं ती परत आणायचा घाट घातला. हैतीचे लोक पुन्हा लढले आणि १८०४ ला स्वतंत्र झाले.

आपल्या महाडचंही तसंच. १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले! १९२४ ला महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव ओला झाला. लगेच सनातन्यांनी डोकी फोडली, शेणमुतानं तळं 'शुद्ध' केलं. ऑगस्टात नगरपालिकेनं ठराव मागं घेतला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली त्या परिषदेत बाबासाहेबांनी फ्रान्सच्या राष्ट्रसभेचाच दाखला दिला. तळ्याचा खटला हायकोर्टात जिंकायला १९३७ उजाडलं.

म्हणजे हक्क लिहावा लागतो, वापरावा लागतो, आणि हिसकावला तर चिकाटीनं परत घ्यावा लागतो.

आजचा पाणवठा मोबाइलात आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. १० जानेवारी २०२० ला त्याच कोर्टानं सांगितलं, इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, बंदीचा हुकूम जाहीर केला पाहिजे. हे आपले बोले ठराव. आणि २०२३ च्या डेटा कायद्यात सरकारनं आपल्याच यंत्रणांना सूट द्यायची वाट ठेवलीय.

सूट कुणाला भोवते? १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती 'गुन्हेगार' ठरवून पोलिसांच्या वहीत चढवल्या. १९५२ ला कायदा गेला, शिक्का गेला नाही. ती वही निदान एका ठाण्यात पडून असायची. संगणकातली वही क्षणात देशभर फिरते.

म्हणून नेट बंद झालं की हुकमाची प्रत मागा. मोर्चात पोलीस चेहऱ्याचे फोटो काढत असतील तर कोणत्या कायद्यानं, ते लेखी विचारा. उत्तर नाही मिळालं तर अपील करा. वस्तीतल्या पोरापोरींना हे शिकवा. आणि आपला मजकूर नुसता कंपनीच्या भिंतीवर ठेवू नका. १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, कारण दुसऱ्याच्या पानावर आपला आवाज टिकत नाही.

ठराव झालेत. आता तळ्यावर चला.

जय भीम!