समुपदेशनातील धर्मविषयक नीती

सल्लार्थीचा धर्म किंवा पंथ समुपदेशकास अपरिचित असताना पाळावयाच्या व्यावसायिक संकेतांना समुपदेशनातील धर्मविषयक नीती असे म्हणता येईल.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेनुसार, परिणामकारक सेवेसाठी धर्माची जाण आवश्यक असेल तेथे मानसशास्त्रज्ञाने प्रशिक्षण वा मार्गदर्शन घ्यावे, अन्यथा सल्लार्थीस योग्य व्यक्तीकडे पाठवावे. अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या संहितेने मात्र केवळ स्वतःची मूल्ये जुळत नाहीत म्हणून असे पाठवणे निषिद्ध ठरवले. अज्ञान आणि नापसंती यांत गल्लत होऊ नये, हा त्यामागील हेतू. भारतातील मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये समाजातील प्रचलित धर्मश्रद्धांशी न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही.

जैनांचे सल्लेखना व्रत हे याचे सर्वांत बिकट उदाहरण होय. आहार क्रमशः सोडून देह ठेवण्याच्या या व्रतास राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्येसमान मानले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. व्रताची भाषा बोलणाऱ्या वृद्धास अनभिज्ञ समुपदेशक सरसकट रुग्ण ठरवील, किंवा धर्माचा प्रश्न म्हणून गप्प बसेल आणि खरे नैराश्य नजरेआड होईल. दुसरी चूक अधिक घातक, कारण ती आदरासारखी दिसते. वास्तविक तत्त्वार्थसूत्रात ‘मरणाशंसा’, म्हणजे मरणाची इच्छा, हा सल्लेखनेचा अतिचार (दोष) सांगितला आहे. त्यामुळे ‘मरण लवकर यावे असे वाटते का?’ हा प्रश्न त्या परंपरेलाही परका नाही.