आईचा गुग्गुळ आणि डॉक्टरांची गोळी

हा भाग करायचा की नाही यावर मी दोन आठवडे घालवले, कारण यात माझेच रिपोर्ट आहेत. पण गोष्ट इतकी मजेशीर निघाली की सांगितल्याशिवाय राहवेना.

डिसेंबरात माझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. वय २८, वजन ८१ किलो, एलडीएल १५८, सोनोग्राफीनंतर निदान पीसीओएस. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल हवंय आणि पाळी दोन-दोन महिने येत नाही. डॉक्टर मॅडमनी मेटफॉर्मिन लिहून दिली, वजन कमी करायला सांगितलं. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन दिली नाही, कारण दिवस जाण्याचा विचार चालू असताना ती सहसा टाळतात. घरी येऊन आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, त्या केमिकलच्या गोळ्या कशाला खातेस? मी गुग्गुळ पाठवते." आठवड्यात कराडहून कुरिअर आलं. मेतकुटाच्या पिशवीखाली कांचनार गुग्गुळाची बाटली. मी काय केलं? दोन्ही गोळ्या सुरू केल्या आणि दोघींनाही काही सांगितलं नाही.

मग एका रविवारी दोन्ही औषधं समोर ठेवून वाचायला बसले. म्हटलं, बघू तरी यातलं झाडपाल्याचं कोण आणि केमिकलचं कोण.

आधी आईची बाजू. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे आठ दोष दिलेत. आयुष्य कमी होणं, हालचाल मंदावणं, फार घाम, फार भूक, फार तहान... आणि त्यातच एक आहे कृच्छ्रव्यवायता, म्हणजे शरीरसंबंधात अडचण. कारण काय दिलंय? शुक्र कमी पडतं आणि मेदाने मार्ग अडतो. थोडक्यात, वजन आणि मूल न होणं यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वी कुणाच्या तरी लक्षात आला होता. (मार्ग अडतो वगैरे शब्दशः घेऊ नका. निरीक्षण वेगळं, स्पष्टीकरण वेगळं.) सुश्रुताने स्थूलपणावर जी द्रव्यं सांगितली, त्यांत शिलाजित, त्रिफळा, मध यांच्याबरोबर गुग्गुळ आहे.

गुग्गुळ म्हणजे झाडाचा डिंक. आपल्या घरी संध्याकाळी निखाऱ्यावर धूप टाकतात ना, त्यात असतो तो. कच्छ, राजस्थान आणि पलीकडे सिंधच्या कोरड्या जमिनीत वाढणारं हे काटेरी, बुटकं झाड. आयुर्वेदात त्याबद्दल एक बारकावा आहे जो मला फार आवडला. नवा गुग्गुळ शरीर भरतो आणि जुना गुग्गुळ मेद खरवडतो. म्हणजे एकच पदार्थ, वयानुसार उलटं काम! मी माझी बाटली फिरवून फिरवून पाहिली. गोळ्या बनवल्याची तारीख होती. आतला डिंक किती जुना, ते कुठेच नव्हतं.

आता १९६६ मध्ये या. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती नावाची संशोधक आपला प्रबंध सादर करते. तिने सुश्रुताचं मेदोरोगाचं वर्णन वाचलं आणि तिला ते रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याच्या आजच्या वर्णनाशी जुळतंय असं वाटलं. नुसतं वाटून ती थांबली नाही. सशांचं कोलेस्टेरॉल खाण्यातून वाढवलं, त्यांना गुग्गुळ दिला आणि मोजलं. कोलेस्टेरॉल उतरलं. मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. "आमच्या ग्रंथात सगळं आहे" म्हणणारे आपल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर चारजण असतात. ग्रंथातलं वाक्य घेऊन सशांपर्यंत जाणारं माणूस विरळा.

पुढे डिंकातले गुग्गुलस्टेरॉन नावाचे घटक वेगळे झाले, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुगुलिपिड नावाचा शुद्ध अर्क तयार झाला आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो भारतात कोलेस्टेरॉलचं औषध म्हणून विकायला मान्यता मिळाली. १९९४ मध्ये आपल्याकडे ६१ रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली. आहार सगळ्यांचाच सुधारलेला, पण गुगुलिपिडवाल्यांचं एलडीएल साधारण साडेबारा टक्क्यांनी खाली गेलं. २००२ मध्ये तर 'सायन्स'मध्ये शोधनिबंध आला, की गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या स्विचला अडवतं. हा स्विच पित्त पुरेसं झालं की नवीन बनवणं थांबवतो. पित्त बनतं कोलेस्टेरॉलपासून. स्विच अडला की कोलेस्टेरॉल खर्च होत राहणार. इथपर्यंत वाचून मी आईला फोन लावायला उठले होते, खरंच.

बरं झालं लावला नाही. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १०३ लोकांवर आठ आठवड्यांची चाचणी केली. कोण गुगुलिपिड घेतंय आणि कोण खोटी गोळी, हे ना रुग्णांना माहीत ना डॉक्टरांना. खोटी गोळी घेणाऱ्यांचं एलडीएल ५ टक्क्यांनी उतरलं. गुगुलिपिड घेणाऱ्यांचं ४ ते ५ टक्क्यांनी वाढलं! शिवाय काहींच्या अंगावर पुरळ उठलं. लोकांचा आहार वेगळा, प्रकृती वेगळ्या, असे मुद्दे नंतर निघाले आणि त्यात तथ्य असू शकतं. पण आमच्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, "माझ्या मशीनवर चालतंय" याला कुणी उत्तर मानत नाही.

आता दुसरी बाटली, 'केमिकल'वाली. इथे मी खुर्चीतून पडायची बाकी होते.

युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं जांभळट फुलांचं झुडूप आहे. तिथल्या आजीबाईंच्या बटव्यातलंच म्हणा ना. अमेरिकेत १८९१ मध्ये युटाहमध्ये ते गुरांचा चारा म्हणून लावून पाहिलं, तर जनावरांना विषबाधा करणारं निघालं आणि तण म्हणून पसरून बसलं. विष कशाचं? गॅलेजिन नावाच्या द्रव्याचं, जे ग्वानिडिनच्या कुळातलं आहे. १९१८ मध्ये सशांवर दिसलं की ग्वानिडिन रक्तातली साखर उतरवतं. (पुन्हा ससे. त्या जमातीचं ऋण आपण कधी फेडणार?) पण ते सरळ द्यायला फार विषारी, म्हणून त्याचे सौम्य भाऊबंद शोधणं चालू झालं. त्यातला एक, डायमिथाइलबायग्वानाइड, आयर्लंडमध्ये १९२२ मध्येच तयार झाला होता. म्हणजेच मेटफॉर्मिन. त्याच सुमारास इन्सुलिन आलं आणि हा बिचारा कोपऱ्यात पडून राहिला. १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न या डॉक्टरने तो मधुमेहींना देऊन निष्कर्ष छापले, तेव्हा कुठे त्याचं नशीब उघडलं.

आणि माझ्यापर्यंत ती गोळी कशी पोहोचली? १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी पाळी न येणाऱ्या सात बायकांचं वर्णन केलं, अंडाशयावर गाठी असलेल्या. पीसीओएसची आधुनिक गोष्ट तिथून धरतात. त्यामागे बऱ्याचदा इन्सुलिनचा गोंधळ असतो, हे कळायला अर्धं शतक गेलं. १९९४ मध्ये व्हेनेझुएलातल्या डॉक्टरांनी अशा बायकांना मेटफॉर्मिन दिली. काहींची पाळी सुरळीत झाली, काहींना दिवसही गेले.

पण माझ्या बाजूनेही फार टाळ्या नकोत. २००७ मध्ये अमेरिकेत ६२६ बायकांवर मोठी चाचणी झाली. नुसत्या मेटफॉर्मिनवर मूल झालं ७.२ टक्के जणींना, क्लोमिफीन या औषधावर २२.५ टक्के जणींना. हा ७.२ चा आकडा मी रात्री साडेअकराला वाचला. नवरा शेजारी झोपला होता. लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

पुढच्या भेटीत मॅडमना आईची बाटली दाखवली. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवस घेताय?" मी म्हटलं, सात आठवडे. मग त्यांनी समजावलं, की गुग्गुळ गर्भाशयाला चेतवतो असं मानतात, गरोदरपणात तो टाळायला सांगतात आणि तुम्हाला तर कधीही दिवस जाऊ शकतात. "उद्यापासून बंद. आणि तीन महिन्यांत पाच किलो उतरवा, मग पुढचं औषध बघू."

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. सत्यवतीबाई, ससे, गॅलेगा, सगळं. तुझ्या लेकीची गोळी पण झाडपाल्याच्याच घराण्यातली आहे म्हटल्यावर जरा वेळ गप्प झाली. मी हेही सांगितलं की गुग्गुळाचं झाड आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे. जास्त डिंक निघावा म्हणून खोल चिरा देतात आणि झाडच वाळून जातं. त्यावर मात्र ती हळहळली. म्हणाली, "मग धूपसुद्धा जपून वापरायला हवा गं." आणि मग हळूच, "पाच किलोतले किती झाले?"

दोन. उरलेले तीन एप्रिलपर्यंत. पुढच्या भागात भेटू.