समोर टॉवर, तरी फोन लागेना

2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगारांच्या खिशातही मोबाईल आला. मी तेव्हा भोसरी एमआयडीसीत होतो. शिफ्ट सुटली की गेटवर सगळे एकदम घरी फोन लावायचे, आणि कानात एकच: 'नेटवर्क बिझी'. टॉवर समोर, रेंज फुल! मग अडायचं कुठे?

गोष्ट 1947 ची. अमेरिकेत बेल लॅब्सच्या डग्लस रिंग यांनी टिपण लिहिलं: शहराचे छोटे सेल पाडा आणि एका सेलची फ्रिक्वेन्सी लांबच्या सेलमध्ये पुन्हा वापरा. शेजारच्याला मात्र तीच द्यायची नाही, नाहीतर एकाचे सिग्नल दुसऱ्याच्या कॉलमध्ये घुसतात.

आता आपला हिशोब. सुरुवातीच्या परवान्यात कंपनीला 4.4 मेगाहर्ट्झ. जीएसएमचं एक चॅनल 200 किलोहर्ट्झचं, म्हणजे झाली 22. चार टॉवर, प्रत्येकाच्या तीन दिशा, असे बारा वाटे करायची पद्धत होती. एका वाट्याला दोनसुद्धा धड नाहीत! पुढे 6.2 मिळाले, तरी अडीचच. एका चॅनलवर आठ जण आळीपाळीने बोलणार, त्यातली एखाद-दुसरी जागा टॉवरच्याच कामाला. म्हणजे गेटकडे तोंड केलेल्या अँटेनावर एका वेळी फार तर वीस-बावीस कॉल. आणि गेटवर आम्ही दोनशे!

फोन उशिरा लागला की घरी आई काळजीत. मग आमच्यातले हुशार तिथे ताटकळत बसायचेच नाहीत. चालत पुढच्या चौकात जायचे, दुसऱ्या टॉवरच्या हद्दीत. तिथे गर्दी कमी, फोन पहिल्या झटक्यात लागायचा.