औताची डागडुजी

राजवटी कशा उलथल्या हे सांगणारे ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु ऐन पेरणीत तिफणीचा फण मोडला तर कुणब्याने काय करावे, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा मनावर घेतलेला नाही. वास्तविक राजाचा सारा ज्या पिकातून जाई, ते पीक या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असे.

मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजारचीच शेती पाहा. वऱ्हाडची ही काळी जमीन भिजली की औताला चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. या दोहोंच्या मध्ये वाफसा येतो, तो मोजक्या दिवसांचा. तेवढ्यात औत थांबले तर पेरणी लांबते. मोठ्या जमीनदाराकडे दुसरे औत असते; चार एकरांच्या धन्याकडे नसते. म्हणून अवजाराच्या किमतीपेक्षा ते किती लवकर दुरुस्त होते, हीच लहान शेतकऱ्याची खरी काळजी होय.

जुन्या गावाने याची एक सोय लावली होती. लाकूडकाम सुताराचे, म्हणजे वऱ्हाडातील वाढयाचे; वखराची पास आणि नांगराचा फाळ पाजवून देणे लोहाराचे. मोबदला दर कामाला नव्हे, तर वर्षाकाठी खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. यातील मर्म असे, की औत वारंवार मोडण्यात कारागिराचा काहीच लाभ नव्हता. काम जितके टिकाऊ, तितके त्याचे श्रम कमी. परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाण्यास आम्ही तयार नाही. पीक बुडाले की बलुतेही बुडे, आणि कसब जन्माला बांधलेले असल्याने कारागिराला दुसरी वाट नसे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीच्या या दुबळ्या बाजूचीही चर्चा आहे.

मग लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास तो 1903 साली तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर गावोगाव गेला. तो खोल जाई, हा त्याचा गुण निर्विवाद होता. पण घडीव लोखंडाचा फाळ गावच्या भात्यावर तापवून ठोकता येत असे. ओतीव लोखंडाला, म्हणजे बिडाला, हातोडा मानवत नाही. ते तडकते. तो भाग झिजला की बदलावाच लागतो. येथे दुरुस्तीची किल्ली गावाबाहेर गेली, आणि शेतकऱ्याच्या शब्दकोशात ‘सुटा भाग’ हा शब्द शिरला.

त्यानंतर तेलाचे इंजिन, विजेचा पंप, ट्रॅक्टर असे एकेक यंत्र आले. शेलूबाजारवरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. आता शहरातील सुटा भाग शेलूबाजारास लवकर येऊ शकेल; पण तो बसविणारा हात जवळ नसेल, तर रस्त्याचा उपयोग काय?

ही तक्रार आपल्याच गावची आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आता संगणकावर चालतात, आणि कंपनीच्या आज्ञावलीवाचून त्यांतील कित्येक दोष शोधताच येत नाहीत. म्हणून तेथील कोलोरॅडो राज्याने 2023 साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली या हक्काच्या विचारार्थ समिती नेमली, आणि तिच्या कक्षेत शेतीची अवजारे घेतली.

आमचे म्हणणे एवढेच, की बलुतेदारी परत यावी असे नाही. ती गेली हे बरेच झाले. परंतु तिच्यात एक शहाणपण होते: औत जेथे चालते, तेथेच ते दुरुस्त करणारा असावा आणि औत न मोडण्यात त्याचेही हित असावे. नवे यंत्र घेताना त्याची किंमत आणि ताकद आपण विचारतो. ते मोडल्यास कोण, कोठे आणि किती दिवसांत दुरुस्त करील, हेही विकणाऱ्याला तेथेच विचारले पाहिजे. वाफसा कोणासाठी थांबत नाही.