हृदयातली चोरवाट

विश्रांतीच्या वेळी आपले हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देते. काही जणांमध्ये मात्र ते शांत बसलेले असतानाही एकाएकी १८०-२०० पर्यंत धावू लागते आणि काही वेळाने तितक्याच अचानक ताळ्यावर येते. अशा वारंवार येणाऱ्या झटक्यांवर आज कॅथेटर ॲब्लेशन हा उपाय आहे. रक्तवाहिनीतून हृदयात नेलेल्या बारीक नळीच्या टोकाने आतला दोषी ठिपका जाळून टाकतात. पण नेमके काय जाळायचे, हे कसे कळले?

हृदयाचे वरचे कप्पे (अलिंद) आणि खालचे कप्पे (निलय) यांच्यामध्ये विद्युतरोधक तंतुमय पडदा असतो. ठोक्याचा विद्युत संदेश वरून खाली जाण्यासाठी त्यात एकच वाट असते. विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये या वाटेचे वर्णन केले. तिच्या तोंडाशी असलेली गाठ सुनाओ तवारा यांनी १९०६ मध्ये दाखवली.

१९३० मध्ये वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी ११ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. एरवी निरोगी असलेल्या या लोकांचे ईसीजी चमत्कारिक होते आणि त्यांना धडधडीचे झटके येत. पुढे उलगडा झाला, की अशा हृदयात जन्मतःच स्नायूचा एक जादा धागा असतो. ही जणू चोरवाट. संदेश नेहमीच्या वाटेने खाली उतरतो, चोरवाटेने वर चढतो आणि पुन्हा खाली येतो. असा तो गोल फिरत राहतो. ॲमस्टरडॅमच्या दुरेर यांनी १९६७ मध्ये दाखवले, की अचूक क्षणी दिलेल्या विद्युत टिचकीने हे चक्र सुरूही करता येते आणि थांबवताही येते.

मग चोरवाट तोडली तर? १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका कोळ्याची छाती उघडून ती कापली. झटके थांबले, पण त्यासाठी हृदयाची मोठी शस्त्रक्रिया करावी लागली.

छाती न उघडता हृदयात शिरण्याची वाट १९२९ मध्येच सापडली होती. जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच दंडातील नीलेतून हृदयापर्यंत नळी सरकवली होती. १९७९ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी एका अपघाताची हकिगत छापली. आत नळी असतानाच रुग्णाला छातीवर विजेचा झटका द्यावा लागला आणि हिस यांची वाट बंद पडली. हाच अपघात पुढे उपाय ठरला. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शाइनमन यांनी ती वाट मुद्दाम बंद केली. धडधड आटोक्यात आली, पण मुख्य रस्ताच तुटल्याने रुग्णाला पेसमेकर बसवावा लागला.

१९८० च्या दशकात विजेच्या झटक्याची जागा रेडिओ-वारंवारतेच्या प्रवाहाने घेतली. नळीच्या टोकाखालील काही मिलिमीटर ऊती ५० अंश सेल्सियसपलीकडे तापून मरतात. आजूबाजूचा भाग वाचतो. १९९१ मध्ये ओक्लाहोमाच्या जॅकमन यांच्या गटाने १६६ पैकी १६४ रुग्णांची चोरवाट अशी बंद केली. मुख्य रस्ता शाबूत राहिला. १९९८ मध्ये बोर्दोच्या हायसागेर यांनी अलिंदांच्या बेताल थरथरीची ठिणगी बहुधा फुप्फुसशिरांत पडते, हे दाखवले आणि उपचारांची नवी दिशा खुली झाली.

म्हणून आजही निर्णय घेताना दोषी वाट कोठे आहे आणि ती मुख्य रस्त्यापासून किती दूर आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. ती अगदी जवळ असेल तर पेसमेकर लागण्याचा धोका वाढतो. झटके क्वचित आणि सौम्य असतील, तर औषधे किंवा नुसती देखरेखही पुरते.

वर्गात फळ्यावर दोन वाटांचे हे चक्र काढून विद्यार्थ्यांना विचारावे : चक्र कोणत्याही एका ठिकाणी तोडले तरी थांबते, मग कोठे तोडाल, आणि का?