थंडीतले सण मुलांना वाचून दाखवताना

संयोजकांनी मला विषय दिला तो असा: थंडीच्या दिवसांत वेगवेगळ्या धर्मांचे, समाजांचे जे सण येतात, ते मुलांना मोठ्यानं वाचून दाखवावेत का, आणि कसे. मी शिक्षक तत्त्वज्ञानाचा, त्यामुळे ‘कसे’पेक्षा ‘का’कडे माझा ओढा जास्त. पण आजची मालिका इतिहासाची आहे. म्हणून आधी इतिहासच पाहू. आपल्याकडे सण ‘वाचून दाखवण्या’ला चांगला लांबलचक इतिहास आहे, आणि तो सगळाच गोडगोड नाही.

सध्या मार्गशीर्ष चालू आहे. दर गुरुवारी पारनेरात कितीतरी घरांत घट मांडला जातो आणि महालक्ष्मीची पोथी वाचली जाते. भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, त्यांची लेक शामबाला. ही माणसं आपल्यातल्या बहुतेकांना कानानं माहीत आहेत. डोळ्यांनी वाचून फार थोड्यांना. आई वाचते, आजी हात जोडून बसते, आणि पोरगं नैवेद्याकडे डोळा लावून ऐकत असतं. श्रावणातल्या कहाण्यांचंही तसंच. हे गद्य लिहिलंच गेलं आहे मोठ्यानं वाचण्यासाठी. छोटी वाक्यं, तीच तीच वळणं, आणि शेवटी फळ. ज्यानं ऐकलं त्याला अमुक मिळो, जसं तिला मिळालं तसं तुम्हाला मिळो. याला आपण फलश्रुती म्हणतो.

ही फलश्रुती ध्यानात ठेवा, मला तिच्याशी पुढे काम आहे. आपला सण आपण ऐकतो तेव्हा ऐकण्याचं काहीतरी फळ आहे असं धरून ऐकतो. दुसऱ्याच्या सणाची गोष्ट ऐकल्याचं फळ कोणतं? पोथीत त्याचं उत्तर नाही.

आता चारशे वर्षं मागे आणि गोव्यात जाऊ. १६१६ साली राचोल इथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ‘क्रिस्तपुराण’ छापलं. ओवीबद्ध मराठी, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि छपाई मात्र रोमन लिपीत. दुसऱ्या भागात येशूच्या जन्माची कथा आहे. म्हणजे नाताळची गोष्ट मराठीत सविस्तर आली ती पुराण होऊन आली, एकानं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं अशी. पुस्तकाच्या सुरुवातीलाच कारण सांगितलं आहे: नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांपैकी एकानं विचारलं की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला ऐकायला दुसरं पुराण का देत नाही?

हा प्रश्न मला फार बोलका वाटतो. ज्या माणसाचं ऐकण्याचं पुस्तक काढून घेतलं आहे तो दुसरं मागतो आहे. स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खरं होतं, यात मला शंका नाही. पण त्या काळच्या गोव्यात देवळं पाडली जात होती, जुन्या पोथ्या नष्ट होत होत्या. तेव्हा दुसऱ्याचा सण वाचून दाखवण्याच्या आपल्या इतिहासात हेही पान आहे, आणि ते फाडून टाकता येणार नाही. आजही एखादे आजोबा विचारतात, “नातवाला नाताळची गोष्ट कशाला ऐकवताय?” त्यांच्या मनात ही जुनी भीती कुठेतरी असते. तिला हसू नये.

जाता जाता, ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. इंग्रज दीडशे वर्षं राज्य करून गेले, तरी सणाचं नाव आपण पोर्तुगिजांचंच ठेवलं.

गोव्यातून आता आपल्या जिल्ह्यात येऊ. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ च्या अखेरीस आलं. बोस्टनच्या संस्थेनं पाठवलेली ही माणसं. आपण धरून चालतो की त्यांनी पेटीत भरून नाताळही आणला असेल. गंमत अशी की ज्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतून ती संस्था उभी राहिली, तिथं नाताळ साजरा करणं हाच एके काळी गुन्हा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कायदा झाला: नाताळ म्हणून जो काम बंद ठेवील किंवा मेजवानी करील त्याला पाच शिलिंग दंड. तो १६८१ साली उठला, पण सवय राहिली. बायबलात तारीख दिलेली नाही, तर सण कसला, असा त्यांचा रोकडा सवाल. तिथं नाताळची कायदेशीर सुट्टी झाली ती १८५६ साली. म्हणजे नगरचं मिशन पंचवीस वर्षांचं झाल्यावर!

स्कॉटलंडची तर आणखी मजा. आपल्या पारनेरचे सुपुत्र, सेनापती बापट, १९०४ साली एडिंबरोला शिकायला गेले. तेव्हा त्या देशात नाताळ सार्वजनिक सुट्टीचा दिवस नव्हता. ती सुट्टी १९५८ साली सुरू झाली. पारनेरच्या तरुणानं ख्रिस्ती देशात जावं आणि तिथं २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असावा. ‘ख्रिश्चन लोक २५ डिसेंबरला अमुक करतात’ हे वाक्य मुलांना वाचून दाखवताना हे आठवावं. कुठले ख्रिश्चन? कधीचे?

मग नगरचा नाताळ आला कुठून? बराचसा तो इथंच घडला. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, पूर्वरंग-उत्तररंगासह. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. करंज्या, शंकरपाळे, टाळ-ढोलकी, अंगणात टांगलेली कागदाची चांदणी. हे बोस्टनहून आलेलं नाही. १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ निघालं, आणि १८७० च्या दशकात मिशनचं ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक आलं. त्याचा एक हेतू धर्मप्रसाराचा होता, ते लपवायचं कारण नाही. पण त्या काळी घरात असं एखादं मासिक आलं, तर ते एकट्यानं वाचायची वस्तू नव्हती. वाचता येणारा एक आणि ऐकणारे चार.

हे तिकडेही असंच होतं बरं का. चार्ल्स डिकन्सनं नाताळची आपली प्रसिद्ध गोष्ट १८४३ साली लिहिली, आणि १८५३ पासून तो ती सभागृहात स्वतः वाचून दाखवू लागला. १८६७ च्या डिसेंबरात त्यानं ती बोस्टनमध्येही वाचली, त्याच दंडवाल्या बोस्टनमध्ये. सण आधी असतो आणि मग त्याचं वर्णन वाचलं जातं, असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा उलटं होतं. लोक ऐकतात, आणि ऐकलेलं करू लागतात.

टिळकांच्या घराबद्दल एक गोष्ट सांगतो. त्या ख्रिस्ती घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा हिंदू मुलगा राहायला होता. तो म्हणजे आपले बालकवी. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्याच्याविषयी लिहिलं आहे. एका छपराखाली दोन धर्म, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. असं घर आपल्याच जिल्ह्यात होऊन गेलं, त्यासाठी दूरचे दाखले शोधायला नकोत.

आता आपल्या स्वतःच्या थंडीतल्या सणांकडे पाहू. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी. खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा. आपल्याच तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठणचा खंडोबा आहे, त्याची मोठी यात्रा पौष पौर्णिमेला भरते. या देवाची एक बायको म्हाळसा, लिंगायत वाण्याची. दुसरी बानू, धनगराची. जेजुरीला मुसलमान भक्त त्यालाच मल्लूखान म्हणत आले आहेत. मुलांना ‘विविधता’ शिकवायला आपण पृथ्वीचा गोल घेऊन बसतो. अहो, एका खंडोबाच्या जागरणात ती अख्खी बसली आहे!

संक्रांतीचंही सांगतो, कारण वाचून दाखवताना चुकीची माहिती पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून ती संक्रांतीला झाली असं सर्रास सांगितलं जातं. पण संक्रांत १४ जानेवारीला बांधलेली नाही. इंग्रजी तारखेच्या हिशेबानं ती साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. पानिपतच्या वर्षी संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

आणि ईद? ‘हिवाळी सण’ म्हटलं की ती यादीतून गळते, आणि पुस्तकवाले सुटकेचा श्वास टाकतात. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. १९९९ साली तिळगूळ आणि शीरखुर्मा एकाच आठवड्यात होते. २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. ज्या मुलांना आज आपण वाचून दाखवतो आहोत, ती तेव्हा हे स्वतः पाहतील.

एक सण असा की तो मला मुलांना सांगायला सर्वांत आवडतो. कोकणातले बेने इस्राएल हे आपले मराठी बोलणारे ज्यू. त्यांचा पिढीजात धंदा तेलाचे घाणे चालवण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. ज्यूंचा हनुक्का डिसेंबरच्या सुमारास येतो. देवळात एका दिवसापुरतं तेल उरलं होतं आणि दिवा आठ दिवस जळला, अशी त्याची कथा. आता गंमत पाहा: या तेल्यांना तेलाचा हा सणच पूर्वी ठाऊक नव्हता. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज हनुक्का सुरू होण्याआधीच मायभूमी सोडून आले. पुढे बाहेरच्या ज्यूंशी संबंध आला तेव्हा त्यांना तो कळला. स्वतःचा सणही कधीकधी दुसऱ्याकडून ऐकावा लागतो.

एवढा इतिहास झाल्यावर आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. मुद्दा सर्वनामाचा आहे. हसू नका. आपल्या भाषेत एक श्रीमंती आहे जी इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हटलं की तुम्ही बाहेर, ‘आपण जेवायला बसू’ म्हटलं की तुमचंही पान मांडलं. वर ‘आपण’ हा समोरच्याला द्यायचा मानही आहे: “आपण कुठले?” सण वाचून दाखवणारा प्रत्येक माणूस नकळत यातलं एक निवडत असतो. आमची पाठ्यपुस्तकं सहसा तिसरंच निवडतात: ‘ते’. ‘ते लोक’.

तालुक्यातल्या एका शाळेत गेल्या डिसेंबरात मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. तरुण बाई, वाचन उत्तम. पुस्तकात वाक्य होतं की ख्रिस्ती लोक या दिवशी चर्चमध्ये जातात. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “बाई, लोक नाही. आम्ही जातो.” वर्ग हसला. मुलगा लाल झाला. बाई हुशार, त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि म्हणाल्या, “मग तूच सांग, आपण पुस्तक नंतर वाचू.” तो उठला आणि सांगू लागला: रात्री घरोघर गात जायचं, थंडीनं दात वाजायचे, शेवटच्या घरी चहा आणि करंजी, आणि एकदा चांदणीतला बल्ब उडाला तेव्हा वडिलांनी टॉर्च बांधला. पाच मिनिटं वर्ग चिडीचूप. मग एका मुलीनं विचारलं, “आम्ही आलो तर चालतं का गायला?”

त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. खोलीत ज्याचा सण वाचला जातो आहे तो बसलेला आहे, आणि पुस्तक त्याच्याविषयी असं बोलतं आहे जणू तो परगावी राहतो.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. सगळे सण सारखेच, नाताळ म्हणजे ख्रिस्ती दिवाळी, हनुक्का म्हणजे ज्यूंची दिवाळी. दिवा दिसला की दिवाळी! हे मला पटत नाही. येशूच्या जन्माची कथा आणि सूर्याचा मकरेत प्रवेश यांत मुळात साम्य नाही. एक कोणा एकाच्या जन्माची गोष्ट, दुसरं आकाशातलं वळण. सारखं म्हणून ऐकवलं तर मूल दुसऱ्याचं काहीच ऐकत नाही, स्वतःचंच पुन्हा ऐकतं. मुलांना फरक चालतो. अडचण मोठ्यांना होते.

सानेगुरुजींकडे पाहा. ‘श्यामची आई’त प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. एकेक रात्र श्याम सांगतो आणि मंडळी ऐकतात. त्याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिली. पैगंबरांच्या चरित्राकडे जाताना त्यांनी स्वतःचा धर्म उंबऱ्याबाहेर काढून ठेवला नाही, आणि दुसऱ्याचा आपल्यात विरघळवूनही टाकला नाही. फलश्रुतीचा प्रश्न त्यांना पडलाच नसावा. पाहुणा घरी आल्यावर त्याचं ऐकून आपल्याला काय मिळणार, असा हिशेब कोण करतो?

तेव्हा संयोजकांच्या ‘कसे’ला माझं उत्तर थोडक्यात. गोष्ट वाचा, माहिती नको. ‘लोक’ हा शब्द आला की थांबा आणि खोलीत पाहा. ज्याचा सण त्याच्या घरचं कोणी वाचायला मिळालं तर आपण खाली बसा. एखाद्या पालकाला नको असेल तर वाद घालू नका, त्यालाच पुढच्या आठवड्यात चंपाषष्ठीची गोष्ट वाचायला बोलवा. तो बहुधा येतो. आणि भोगीच्या दिवशी वाचन ठेवणार असाल तर तिळाची बाजरीची भाकरी आणि गाजर-पावट्याची भाजी खोलीत असू द्या, नुसत्या वर्णनानं भूक लागते. पौष पौर्णिमेला मात्र काही ठेवू नका. त्या दिवशी अर्धी पोरं कोरठणला असतात.