आठाचे एकशे चव्वेचाळीस

जबलपूरला आल्यापासून संध्याकाळी वेळ मिळाला की जुन्या वायरलेस सेटची सर्किटं वाचत बसतो. आजच्या सेटविषयी इथं लिहिता येत नाही, ते नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. ऐंशी वर्षांपूर्वीच्या सेटमध्ये मात्र लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांतल्या व्हीएचएफ सेटमध्ये एक टप्पा पुन्हा पुन्हा भेटतो: फ्रिक्वेन्सी डबलर, नाहीतर त्याचा भाऊ ट्रिपलर. मायक्रोफोन आणि एरियल सगळ्यांना माहीत असतात, याची कोणी दखल घेत नाही.

1940 साली ब्रिटनच्या आकाशात लढाई पेटली, तेव्हा बहुतेक लढाऊ विमानांत टीआर 9 डी नावाचा एचएफ सेट होता. पल्ला कमी, आवाजात खरखर. जमिनीवर रडार शत्रू दाखवत होतं, पण कंट्रोलरचं बोलणं वैमानिकाच्या कानापर्यंत स्वच्छ पोचलं नाही तर त्या रडारचा उपयोग काय? म्हणून त्याच वर्षी 100 मेगाहर्ट्झच्या वर चालणारे टीआर 1133 हे सेट बसवायला सुरुवात झाली. पुढे त्याच घराण्यातला टीआर 1143 आला आणि त्यावरून अमेरिकेनं एससीआर-522 बनवला.

घोडं अडत होतं ते क्रिस्टलपाशी. क्वार्ट्झची चकती जितकी पातळ, तितकी तिची फ्रिक्वेन्सी जास्त. नेहमीच्या एटी पद्धतीनं कापलेली 8 मेगाहर्ट्झची चकती साधारण 0.2 मिलिमीटर जाडीची असते. 144 मेगाहर्ट्झ थेट हवे असतील तर ती जाडी 0.012 मिलिमीटरच्या आसपास न्यावी लागेल, म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ. अशी चकती घासतानाच फुटेल, मग विमानाचे हादरे तर दूरच. तेव्हा क्रिस्टल 8 मेगाहर्ट्झचाच ठेवायचा आणि पुढे आधी दुप्पट, मग तिप्पट, परत तिप्पट करायची. आठ गुणिले अठरा, एकशे चव्वेचाळीस. एससीआर-522 मध्ये हेच आहे.

पण फ्रिक्वेन्सी दुप्पट होते कशी? चांगला अॅम्प्लिफायर आत जाईल तेच मोठं करून बाहेर देतो. डबलरला तो मुद्दाम वाईट हवा असतो. घरच्या जुन्या रेडिओची गुणगुण आठवा. वीज 50 हर्ट्झची, पण फुल-वेव्ह रेक्टिफायर लाटेचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणतो, म्हणून गुणगुण 100 हर्ट्झची येते. लाट बिघडवली की तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट असे हार्मोनिक तयार होतात. हवा तो निवडायचा, बाकीचे दाबायचे. ही निवड कॉइल आणि कंडेन्सरची जोडी करते. झोक्याला एक हेलकावा सोडून एक धक्का दिला तरी तो आपल्या लयीत झुलत राहतो, तसं.

व्हॉल्व्हच्या जमान्यात यासाठी काच, हीटर आणि शे-दोनशे व्होल्ट लागत. 1947 च्या डिसेंबरात बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला, आणि आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं 1962 मध्ये जर्मेनियमचे भाग बनवायला घेतले. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर वरच्या फ्रिक्वेन्सीला धापा टाकत. त्यामुळे खाली काम करून वर गुणाकार करण्याची युक्ती त्यांच्या काळातही कामाची ठरली.

शिकाऊ मुलांना मी 7.05 वरून 14.1 मेगाहर्ट्झ करायला सांगतो. दोन्ही हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यांतले आकडे. 2एन2222 घ्या. बेसला फॉरवर्ड बायस अजिबात देऊ नका, फक्त एक किलोओहम जमिनीला. एमिटरला 100 ओहम आणि त्याला समांतर 0.01 मायक्रोफॅरड. आता सिग्नलचा वरचा शेंडा 0.7 व्होल्टच्या पुढे गेला तरच ट्रान्झिस्टर उघडतो. ड्राइव्ह असा ठेवा की तो लाटेच्या सुमारे एक तृतीयांश वेळच उघडा राहील. दुसरा हार्मोनिक तिथंच सर्वांत जोरदार मिळतो. कलेक्टरला 100 पिकोफॅरड आणि 1.27 मायक्रोहेन्रीची जोडी. टी50-2 या लाल टोरॉइडवर 16 वेढे घेतले की जमतं. कंडेन्सर ट्रिमर असला तर उत्तम, कारण वायरिंगचीही कपॅसिटन्स त्यात मिसळते.

एवढ्यावर मूळ 7.05 पूर्ण जात नाही, थोडं गळतंच. दुसरी ट्यून केलेली जोडी लावा, किंवा दोन ट्रान्झिस्टरचा पुश-पुश डबलर करा: बेसना उलटसुलट सिग्नल, कलेक्टर एकत्र. मूळ फ्रिक्वेन्सी तिथल्या तिथे कटते आणि दुप्पट तेवढी जुळते. रेक्टिफायरचीच ही बहीण. मला तर हीच जास्त आवडते.

मात्र गुणाकार चांगल्या-वाइटाचा भेद करत नाही. 8 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल 100 हर्ट्झ सरकला की 144 वर 1800 हर्ट्झ सरकतात. प्रमाण तेच, पण समोरच्याचा रिसीव्हर अरुंद असेल तर बोलणं तुटतं. फेज नॉइजही प्रत्येक दुपटीला 6 डेसिबलनं वाढतो. युद्धकाळात अमेरिकन फौजेला याचा चटका बसला. कारखान्यातून नीट निघालेले क्रिस्टल गोदामात पडल्या पडल्या फ्रिक्वेन्सी सोडू लागले, काही मुकेच झाले. घासण्यानं पृष्ठभागावर सैल झालेला थर आणि त्याला लागणारी ओल, हे कारण निघालं. मग शेवटचा हात घासून न फिरवता आम्लानं खरवडून अचूक फ्रिक्वेन्सीवर आणायची पद्धत रूढ झाली आणि ते दुखणं थांबलं.